शेल जॅकेट आतून ओलं होतंय? आधी ओल कुठे आहे ते बघा

शेल, म्हणजे थंडी-बर्फात सगळ्यात वरून घालायचं, वारा-पाणी अडवणारं जॅकेट. त्याबद्दल तक्रार नेहमी तीच असते. "वॉटरप्रूफ म्हणून घेतलं, चांगलं बघून घेतलं, तरी वर पोचेपर्यंत आतून चिंब." मग जॅकेटला शिव्या, मग नवीन जॅकेट, आणि पुढच्या मोसमात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी या चक्रातून दोनदा गेलोय. तिसरं जॅकेट घ्यायच्या बेतात असताना डोळे उघडले.

खिंडीखालचा शेवटचा चढ होता. अंगात थर्मल, त्यावर जाड फ्लीस, त्यावर शेल, आणि चेन पार हनुवटीपर्यंत ओढलेली. माथ्यावर वारा लागला म्हणून आत डाऊन, म्हणजे पिसांचं जॅकेट चढवायला शेल काढलं, तर उलट्या झालेल्या बाहीतून पिठीसाखरेसारखा बर्फ भुरभुरत खाली पडला. आकाश निरभ्र होतं. सकाळपासून बर्फाचा एक कण पडला नव्हता. तो माझाच घाम होता, आतल्या बाजूला गोठून बसलेला. गळत जॅकेट नव्हतं, गळत मी होतो.

म्हणून जॅकेट बदलायच्या आधी तपास करा. बहुतेक वेळा गुन्हेगार दुसराच निघतो.

ओल नेमकी कुठे आहे?

पुढच्या वेळी थांबलात की शेल काढा आणि आतून हात फिरवा. पाठीवर, सॅक टेकते तिथे ओल असेल तर तो घाम आहे, आणि त्यावर जगातल्या कुठल्याही जॅकेटकडे इलाज नाही. सॅकने ती जागा झाकून टाकलेली असते, वाफ जाणार कुठून? ही ओल मोजायचीच नाही. छाती आणि काखा ओल्या असतील तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त कपडे घालून चढताय.

कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जरा फसवा असतो. तिथे आतून घामही साचतो, आणि आईस अ‍ॅक्स मारताना हात सतत वर असतील तर हातमोज्यावरचं वितळलेलं पाणी ओघळत बाहीतही शिरतं. ओळखायचं कसं? एका बाहीत जास्त आणि दुसऱ्या बाहीत कमी ओल असेल, तर पाणी बाहेरून आलंय. दोन्हीकडे सारखी असेल तर घाम. बाहेरून येत असेल तर बाहीची पट्टी घट्ट करा, आणि हात वर ठेवून चढायचं असेल तेव्हा लांब मनगटाचा हातमोजा बाहीच्या वर घ्या, आत नको.

गळ्याशी ओल म्हणजे बहुतेक तुमचा श्वास. तोंडापर्यंत चेन लावून त्यात धापा टाकल्या की कॉलर भिजणारच. कमरेशी ओल असेल तर पडताना बर्फ खालून आत गेलाय. स्की करणाऱ्यांच्या जॅकेटला आतून जो लवचिक पट्टा असतो तो यासाठीच, आणि निम्मे लोक तो कधी लावतच नाहीत.

एकाच ठिकाणी, शिवणीच्या रेषेत किंवा चेनच्या कडेला रेघेसारखी ओल दिसली, तर मात्र जॅकेटवर संशय घ्यायला जागा आहे.

नळाखालची परीक्षा

हे घरी करा, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. जॅकेटचा खांद्याचा भाग बादलीवर खोलगट धरा, बाहेरची बाजू वर. आतल्या बाजूला कोरडा टिश्यू पेपर टेकवून ठेवा. वर पाणी ओता आणि थांबा.

टिश्यू कोरडा राहिला आणि पाणी अळवाच्या पानावर नाचतं तसं थेंबाथेंबाने घरंगळलं, तर जॅकेट ठणठणीत आहे. दोष घालणाऱ्याचा. टिश्यू कोरडा पण बाहेरचं कापड पाणी पिऊन काळपट झालं, तर मेंब्रेन, म्हणजे कापडाखालचा पाणी अडवणारा पातळ पडदा, शाबूत आहे, वरचा पाणी झटकणारा लेप गेलाय. टिश्यूच ओला झाला, तरच जॅकेट खऱ्या अर्थाने गळतंय. माझ्याकडे लोकांनी "गळतंय" म्हणून आणून दाखवलेल्या जॅकेटांपैकी बहुतेक मधल्या गटातली निघाली.

हा मधला गट नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा गोंधळ इथेच आहे. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेल्या पीटीएफईच्या (म्हणजे टेफ्लॉनच्या) कांडीला झटक्यात ताणलं आणि त्या पदार्थाला अतिसूक्ष्म छिद्रं पडली. १९७६ च्या सुमारास त्यापासून बनलेलं मेंब्रेन वापरलेले गोरटेक्सचे कपडे बाजारात आले. छिद्रं पाण्याच्या थेंबाला फार लहान, पण वाफेच्या कणाला पुरेशी मोठी. कल्पना सुरेख आहे, पण ऐकणारा एक गोष्ट विसरतो: मेंब्रेन हे दार आहे, पंखा नाही. ते वाफ ओढून बाहेर फेकत नाही. आत वाफ जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती आपली आपण बाहेर जाते.

मेंब्रेनच्या वर जे कापड असतं, त्याला पाणी झटकणारा लेप दिलेला असतो. तो झिजला की कापड पाणी शोषतं आणि मेंब्रेनवर पाण्याचा थर बसतो. दाराबाहेर जणू ओली गोधडी टांगली. वाफेला वाट राहत नाही, कापड गार पडतं, आणि आतली वाफ त्या गार भिंतीवर पाणी होऊन जमते. बाहेरचा एक थेंबही आत आलेला नसतो, तरी तुम्ही ओले. अंगाला काय, पाणी कुठून आलं याने फरक पडत नाही.

कडक थंडीत वेगळाच प्रकार होतो. हवा कोरडी असते, म्हणजे वाफ बाहेर जायला परिस्थिती उत्तम. पण शेल स्वतःच इतकं गार असतं की वाफ बाहेर पडण्याआधीच त्याच्या आतल्या अंगावर गोठते. बाहीतली ती पिठीसाखर म्हणजे हेच.

आकड्यांच्या नादी किती लागायचं

लेबलवर लिहिलेलं असतं, २०,००० ग्रॅम. म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत इतकी वाफ जाते. तासाला साधारण ८३० ग्रॅम. वजन घेऊन जोरात चढणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो, जॅकेटचं कापड दीडेक चौरस मीटर धरलं तर कागदावर हिशेब बसतो. फक्त तो प्रयोगशाळेतला हिशेब आहे. तिथे कापडाच्या एका बाजूला भरपूर दमटपणा आणि दुसऱ्या बाजूला कोरडेपणा मुद्दाम राखलेला असतो, पाठीवर सॅक नसते आणि वरून ओला बर्फ पडत नसतो. शिवाय चाचणीच्या पद्धती अनेक आहेत, त्यामुळे एका कंपनीचे २०,००० आणि दुसरीचे २०,००० यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आरईटी, म्हणजे कापड वाफेला किती अडवतं तो आकडा, दिला असेल तर तो जास्त विश्वासाचा. तो आयएसओ ११०९२ या मानकाप्रमाणे, घाम गाळणाऱ्या तापलेल्या पट्टीवर मोजतात. तो जितका कमी तितकं बरं: ६ च्या खाली उत्तम, २० च्या वर गेला तर जोरदार चढाईला ते जॅकेट नको.

पण खरं सांगू? आरईटी ५ असो की ९, चेन बंद करून चढलात तर दोन्हीत भिजाल. काखेतली एक उघडी चेन जेवढी वाफ बाहेर सोडते तेवढी कुठलंही मेंब्रेन सोडत नाही.

पहिला उपाय: शेल सॅकमध्ये ठेवा

शेल हा चढताना घालायचा कपडाच नाही, निदान वारा आणि पडणारा बर्फ नसेल तेव्हा तरी नाही. तो सॅकच्या वरच्या कप्प्यात, हात घातला की निघेल असा ठेवायचा. चढताना बेस लेयर (अंगालगतचा थर) आणि त्यावर पातळ, बिनमेंब्रेनचं वाऱ्याचं जॅकेट, बस्स. मुठीत मावणारं ते चिटुकलं जॅकेट मला इतर कुठल्याही कपड्यापेक्षा जास्त उपयोगी पडलंय.

निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. तंबूबाहेर उभं राहून उबदार वाटत असेल तर वीस मिनिटांत घाम फुटणार हे नक्की. त्यासाठी चाल सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी एक थांबा घ्यायचा, फक्त कपडे काढायला. सगळ्या गटाने मिळून घ्यायचा, नाहीतर "मी एकटा कशाला थांबवू सगळ्यांना" असं म्हणत प्रत्येक जण भिजतो. घाम फुटल्यावर चेन उघडून फार उपयोग नाही, तो फुटायच्या आधी उघडायची. आधी टोपी आणि हातमोजे, मग चेन, मग थर. आणि तरीही घाम येत असेल तर वेग कमी करा. हे कोणाला आवडत नाही, पण आठ तासांच्या दिवसात दहा मिनिटं उशिरा पोचल्याने काही बिघडत नाही. ओल्या अंगाने खिंडीत उभं राहिल्याने बिघडतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि तुमचा भिजलेला बेस लेयर नेमकं तेच काम करत असतो.

स्की लावून चढणाऱ्यांसाठी क्रम महत्त्वाचा आहे. माथ्यावर पोचलात की आधी जॅकेट, मग स्कीच्या तळाची चढाईची पट्टी काढणं, मग फोटो. उलट केलंत तर पट्ट्या काढेपर्यंत अंग निवतं आणि मग उतारभर कुडकुडायचं.

पाय विसरू नका. वर थरांचा एवढा विचार करणारे लोक खाली जाड थर्मल आणि त्यावर शेल पँट घालून चढतात. मांड्या म्हणजे चालता बॉयलर. उणे पाच-सात अंशांपर्यंत मी चढताना पँटखाली काहीच घालत नाही, मांडीच्या चेन उघड्या ठेवतो.

आतले थर

सुती बनियन नको, हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही दर गटात एकाच्या अंगात निघतोच. बेस लेयरसाठी मेरिनो लोकर की पॉलिएस्टर या वादात मी पडत नाही. मेरिनो आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेतं आणि तरी अंगाला लगेच गार लागत नाही, वासही धरत नाही, पण वाळायला वेळ घेतं. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्धा टक्काही नाही, म्हणून झटपट वाळतो, आणि तिसऱ्या दिवशी तंबूतल्या सोबत्यांना नकोसा होतो. खूप घाम येणाऱ्याने पातळ पॉलिएस्टर घ्यावं, बहुदिवसीय मोहिमेला मेरिनो. कोणतंही घ्या, पातळ घ्या. चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचं चालेल, २५० ग्रॅमचं झोपताना घालायला ठेवा.

जाळीचा बनियन हा एक विसरला गेलेला उपाय आहे. १९३३ मध्ये नॉर्वेतल्या हेन्रिक ब्रुन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्यांपासून तो बनवला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या कपड्यांतही जाळीचे बनियन होते. दिसायला हास्यास्पद, पण जाळीच्या भोकांत हवा राहते आणि ओलं कापड कातडीला चिकटत नाही. चेष्टा सहन करायची तयारी असेल तर जरूर वापरून बघा.

मधल्या थरात सगळ्यात जास्त चुका होतात. एक जाड फ्लीस घेतलं की दोनच पर्याय उरतात: घालून उकडणं किंवा काढून गारठणं. त्याऐवजी दोन पातळ थर घ्या, त्यातला एक आतून चौकटी-चौकटींचा फ्लीस असेल तर उत्तम, कारण त्या खाचांतून वाफ सरकते. आणि डाऊन जॅकेट घालून, वर शेल चढवून चालू नका. माझी खिंडीतली चूक आठवा: मी शेल काढून डाऊन आत घालायला निघालो होतो. त्या वाऱ्यात आधीचा उबदार थर उघडा पाडायचा, आणि घामाने ओलसर झालेल्या अंगावर पिसं चढवायची! पिसं भिजली की फुगत नाहीत, आणि फुगली नाहीत तर ऊब नाही. थांब्याचं जॅकेट मोठ्या मापाचं घ्यायचं आणि सगळ्यात वरून, शेलच्याही वरून घालायचं. निघताना काढायचं. ओलसर हवेत जायचं असेल तर पिसांऐवजी कृत्रिम भरणीचं बरं, जड असतं पण भिजल्यावर दगा देत नाही.

लेप गेला असेल तर

"जास्त धुतलं तर खराब होईल" म्हणून लोक शेल वर्षानुवर्षं धूतच नाहीत. उलट आहे. घाम, कातडीचं तेल, सनस्क्रीन आणि शेकोटीचा धूर यांनी लेप झाकला जातो आणि कापड पाणी प्यायला लागतं. तेव्हा धुवा. सगळ्या चेन बंद, जॅकेटच्या आतलं लेबल वाचून त्या तापमानाला, अशा कपड्यांसाठीचं द्रव साबण वापरून. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर पाण्याला आमंत्रण देतो. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. मग, लेबलवर परवानगी असेल तर, ड्रायरमध्ये मंद आचेवर वीसेक मिनिटं फिरवा. ड्रायर नसेल तर मध्ये कापड ठेवून मंद इस्त्री. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. अर्ध्या वेळा एवढ्यावरच थेंब परत नाचायला लागतात.

नाही लागले तर नवीन लेप द्या. फवाऱ्याचा घ्या, धुण्याच्या पाण्यात टाकायचा नको. पाण्यातला आतल्या बाजूलाही बसतो, आणि आतून घाम पसरून वाळावा असं आपल्याला हवं असतं. खांदे आणि पुढचे हात यांवर दोनदा मारा, कारण सॅकचे पट्टे तिथेच घासतात.

नवीन जॅकेट घेतलेल्यांनी हे जरा लवकर-लवकर करायला हवं. जुन्या लेपांत फ्लोरिनची रसायनं असत, ती पाणी आणि तेल दोन्ही झटकायची. ती निसर्गात विघटित होत नाहीत म्हणून आता बंद होत आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांत १ जानेवारी २०२५ पासून अशा कपड्यांवर बंधनं आली. नवे लेप पाणी चांगलं झटकतात, पण तेल नाही. हाताचं सनस्क्रीन बाहीला पुसलंत की तिथे डाग धरून ओल येणार. बदल योग्यच आहे, फक्त सवय बदलावी लागेल.

टिश्यू ओला झाला असेल तर

शिवणीवरची पट्टी सुटली असेल तर ती दुरुस्त होते, जाणकार कारागिराकडे द्या. क्रॅम्पॉनने (बुटाखाली बांधायच्या दात्यांनी) पडलेलं भोक तुम्हीच बुजवू शकता: जागा स्पिरिटने पुसा, ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे आधी उचकटतात. आतला थर फुग्यासारखा सुटला असेल, किंवा आतून चिकट होऊन पापुद्रे निघत असतील, तर त्या जॅकेटने आपलं आयुष्य जगलंय. त्याला बागकामाला लावा.

घ्यायचंच असेल तर

आधी ठरवा तुम्ही चढणार किती आणि बसणार किती. लिफ्टने वर जाऊन खाली घसरणाऱ्याची गरज वेगळी आहे. तो लिफ्टच्या पाळण्यात निश्चल बसतो, मग ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने वारा कापतो. उणे १० अंश तापमानात त्या वेगाला अंगाला उणे २२ अंशांसारखं जाणवतं. त्याला अस्तराचं, थोडी ऊब असलेलं जॅकेट चालेल, बर्फ अडवणारा कमरेचा पट्टा हवाच. चढाई करणाऱ्याला आत भरणी असलेलं शेल म्हणजे डोकेदुखी. त्याला तीन थर एकत्र चिकटवलेलं, बिनभरणीचं, काखेत लांब चेन असलेलं जॅकेट हवं, पुढची चेन खालूनही उघडणारी, म्हणजे हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा) बांधलेला असताना दोर सांभाळता येतो. खिसे हार्नेसच्या आणि सॅकच्या पट्ट्याच्या वर. कमरेजवळचे खिसे दुकानात छान वाटतात, डोंगरावर त्यांत हातच जात नाही.

घालून बघताना आपलं हेल्मेट आणि आतले सगळे थर सोबत न्या. हूड हेल्मेटवर ओढा, चेन पूर्ण लावा आणि मान डावी-उजवी वळवा. हूड मानेबरोबर वळला तर ठीक, तुम्ही त्याच्या अस्तराकडे बघत राहिलात तर परत ठेवा. मग दोन्ही हात वर करा. कमर उघडी पडली तर हार्नेसमधून ते दर वेळी सुटणार.

काही जॅकेटमध्ये रेको ही लहान परावर्तक पट्टी शिवलेली असते, तिच्यावर हिमस्खलनाचा भरवसा टाकू नका. ती फक्त शोधपथकाच्या यंत्राला प्रतिसाद देते, सोबत्यांना तुम्ही सापडावं यासाठी ट्रान्सीव्हर, म्हणजे अंगावर बांधायचं संदेश देणारं-पकडणारं यंत्र, लागतोच. तो शेलच्या आत, आणि फोनपासून निदान २० सेंटीमीटर दूर. शोधताना ५०.

पाठीची ओल राहतेच, ती मी सुरुवातीलाच सोडून दिली होती. तिच्यासाठी एक कोरडा बेस लेयर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो आणि मुक्कामाला पोचल्यावर आधी तो बदलतो. तंबूत शिरायच्या आधी शेल उलटं करून बाहेरच झटकून घ्या. तोपर्यंत आतला घाम बर्फच असतो, सहज गळून पडतो. आत नेलंत की पाणी, आणि ते पाणी स्लीपिंग बॅगमध्ये जातं.